१९व्या वर्षी आई-बाबांबरोबर क्रूझवर गेलं तर आपल्या वयाचं कोणी भेटतं का?

तुझ्या प्रश्नातल्या एका ओळीपाशी मी थांबले: ‘भाऊ टीन क्लबमध्ये रमेल, आई-बाबा एकमेकांबरोबर असतील आणि मी सात दिवस एकटी.’ वय १९, सात रात्रींची क्रूझ, बरोबर आई-बाबा आणि १४ वर्षांचा भाऊ. (टीन क्लब म्हणजे जहाजावरची किशोरवयीन मुलांसाठी राखीव खोली.) जावं, की अभ्यासाचं कारण सांगून घरीच राहावं, असं तू विचारते आहेस. जा. मी तुझ्याहून फार मोठी नाही, म्हणून सरळ अगं-तुगं करते आहे.

मी घरच्यांबरोबर तीनदा क्रूझवर गेले: १८, २० आणि २४ व्या वर्षी. पहिल्या खेपेला मामा-मामी आणि १७ वर्षांचा मामेभाऊही होता. पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघं टीन क्लबच्या दाराशी गेलो. तिथल्या ताईने जन्मतारखा पाहिल्या, भावाला आत घेतलं आणि मला अगदी हळू आवाजात सांगितलं, की तुला येता येणार नाही. मला १८ पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. त्यानंतरच्या तीन संध्याकाळी मी केबिनमध्ये पडून काढल्या. ‘आपल्यासाठी या जहाजावर काहीच नाही’ हे मी पहिल्या रात्रीच पक्कं करून टाकलं होतं, आणि मग शोधायला गेलेच नाही. तुझे तीन दिवस असे जाऊ नयेत म्हणून हे एवढं लांबलचक लिहिते आहे.

ती मर्यादा बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे सारखीच असते. कार्निव्हलचा सर्वांत वरचा गट १५ ते १७चा, नॉर्वेजियनचा १३ ते १७चा, रॉयल कॅरिबियनमध्येही १७ला दार बंद. कारण साधं आहे: १८ पूर्ण झालेली व्यक्ती प्रौढ धरली जाते आणि दुसऱ्यांच्या अल्पवयीन मुलांची जबाबदारी घेतलेल्या खोलीत प्रौढ पाहुण्यांना सोडता येत नाही. तुझ्या भावाचा विचार केलास तर नियम पटेल. अडचण एवढीच, की दुसऱ्या बाजूलाही दार पूर्ण उघडलेलं नसतं. अमेरिकी बंदरांतून निघणाऱ्या जहाजांवर दारूसाठी वय २१ लागतं. युरोपातून निघणाऱ्या बऱ्याच जहाजांवर ते १८ आहे. नाइटक्लबमध्ये साधारणपणे १८ला प्रवेश मिळतो. म्हणजे १८ ते २० या वयाचं माणूस लहानांतही नाही आणि मोठ्यांत अर्धंच. काही ठिकाणी याची दखल घेतलेली आहे. डिस्नेच्या जहाजांवर ‘१८२० सोसायटी’ या नावाने नेमक्या याच वयासाठी कार्यक्रम होत आले आहेत. पण बहुतेक ठिकाणी जे काय जमवायचं ते आपलं आपण.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली आणि जिने माझी भीती बरीच कमी केली. उत्तर अमेरिकेतून निघणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर २१च्या आतल्या प्रवाशाला मोठ्या माणसाबरोबरच केबिन मिळते. कार्निव्हलवर २१च्या आतल्यांबरोबर २५ किंवा त्याहून मोठ्या वयाचं नातेवाईक वा पालक लागतं. अपवाद थोडेच, उदाहरणार्थ लग्न झालेली जोडपी. याचा अर्थ असा, की अशा जहाजावर १८, १९, २० वर्षांचं जे कोणी दिसेल ते जवळपास सगळं तुझ्यासारखंच घरच्यांबरोबर आलेलं असतं. त्यांनाही वाटत असतं, की बाकी सगळे मित्रांबरोबर मजेत आहेत आणि आपणच तेवढे आईच्या शेजारी जेवतोय. कोणाच्या घोळक्यात घुसायचं नसतं, कारण घोळका अजून तयारच झालेला नसतो.

मग ही मुलं दिसत का नाहीत? कारण जहाज प्रचंड असतं. २०२४ मध्ये आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाला २० डेक, म्हणजे मजले, आहेत आणि एका खोलीत दोघं धरले तरी साडेपाच हजारांहून जास्त प्रवासी. एवढ्या गर्दीत काल भेटलेलं माणूस आज पुन्हा आपोआप समोर येईल, हे होत नाही. त्यातून समुद्रात मोबाइलला नेहमीचं नेटवर्क नसतं, आणि उपग्रहावरून रोमिंग चुकून चालू राहिलं तर बिल भयंकर येतं. फोन एअरप्लेन मोडवरच ठेव. कंपनीच्या अ‍ॅपवर जहाजातल्या जहाजात निरोप पाठवता येतात, पण समोरच्याने ती सोय घेतलेली असेलच असं नाही. त्यामुळे ‘बघू, भेटू कधीतरी’ म्हणालात की ती ओळख तिथेच संपली. ‘उद्या साडेनऊला, टेबल टेनिसपाशी’ असं म्हण. जागा आणि वेळ दोन्ही. मोबाइल नव्हते तेव्हा लोक जसे भेटायचे तसंच, आणि मला ते खरोखर आवडलं. येतो म्हणालेली माणसं येत होती.

पहिली संध्याकाळ केबिनमध्ये घालवू नकोस, एवढं माझं मनावर घे. सुरक्षेची कवायत आटोपली, जहाज सुटलं, की त्या दिवसाचा कार्यक्रम वाच. रॉयल कॅरिबियन त्याला ‘क्रूझ कंपास’ म्हणते, कार्निव्हल ‘फन टाइम्स’; आता तो बहुतेक अ‍ॅपवरच पाहतात. अनेक जहाजांवर पहिल्या-दुसऱ्या रात्री १८ ते २० किंवा तरुणांसाठी एक भेट ठेवलेली असते. तिथे बऱ्याचदा जहाजाचं कोणीच नसतं. मग होतं काय, की एक जण दारातून डोकावतो, आत कोणी दिसत नाही म्हणून निघून जातो. पाच मिनिटांनी दुसरी येते, तीही तेच करते. असे आठ जण येऊन परत जातात आणि एकमेकांना भेटतच नाहीत. मी २० वर्षांची असताना ठरवून गेले आणि २५ मिनिटं हलले नाही. पहिली १० मिनिटं फार अवघड गेली. मग एक मुलगी डोकावली, मी हात केला. आम्ही दोघी बसलेल्या दिसल्यावर पुढचे आपोआप थांबू लागले. रात्री आम्ही सहा जण होतो. त्यातल्या दोघी अजून माझ्या मैत्रिणी आहेत.

अशी भेट कार्यक्रमात नसेल तर? तर ट्रिव्हिया, म्हणजे गटागटाने खेळायची प्रश्नमंजूषा. तुला हे म्हाताऱ्यांचं वाटेल, मलाही वाटलं होतं. पहिल्या सफरीत चौथ्या दिवशी मी निव्वळ कंटाळून त्या लाउंजमध्ये जाऊन बसले. बाजूच्या टेबलावर एक आजी-आजोबा आणि त्यांचा नातू होता, त्यांना गटात आणखी माणूस हवं होतं. आजींनी विचारलं, “तुला गाण्यांतलं काही कळतं का?” बस, तेवढंच. पुढचे तीन दिवस मी त्यांच्या गटात होते. तो नातू २१चा, त्याने संध्याकाळी बास्केटबॉलला येणाऱ्या आणखी चौघांशी ओळख करून दिली. ट्रिव्हियाचं बळ यात आहे, की ते बहुधा रोज ठरलेल्या जागी होतं, गटात माणूस कमी असतंच आणि बोलायला विषय समोर ठेवलेला असतो. लाजऱ्या माणसाला ‘हाय, मी अमुक’ म्हणणं जड जातं; ‘याचं उत्तर ब आहे ना?’ म्हणणं सोपं असतं. टेबल टेनिस, पत्त्यांची खोली, रॉक क्लाइंबिंगची भिंत, सायलेंट डिस्को (हेडफोन लावून नाचायचं), कराओके, सगळीकडे हेच. हाताला किंवा डोक्याला काहीतरी काम हवं.

आणि फक्त आपल्याच वयाचे शोधू नकोस. त्या आजी निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्याबरोबर डेकवर चालताना झालेल्या गप्पा मला त्या सफरीतल्या कुठल्याही पार्टीपेक्षा जास्त आठवतात.

नाइटक्लबवर मात्र फार भिस्त ठेवू नकोस. रात्री ११ पर्यंत तो रिकामा असतो, नंतर आवाजामुळे बोलता येत नाही. आधी ओळखी झालेल्या असतील तर नाचायला जरूर जा. उशिरापर्यंत चालू असलेला पिझ्झाचा काउंटर मला त्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो. सगळं संपलं की तरुण मुलं तिथेच येतात. प्रौढांसाठी राखीव पूल शांत असतात, लोक तिथे पुस्तक घेऊन झोपायला जातात. ओळखी करायला ती जागा नव्हे.

तू कधी आणि कुठून जाते आहेस ते लिहिलेलं नाहीस, पण त्याने बराच फरक पडतो. कॉलेजांना सुट्ट्या असतात तेव्हा तुझ्या वयाची मुलं जास्त: जुलै-ऑगस्ट, नाताळ ते नवं वर्ष, अमेरिकेतून असेल तर मार्चमधला स्प्रिंग ब्रेक. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवृत्त मंडळी आणि शाळेत न जाणारी बाळं. तीन-चार रात्रींच्या सफरीत मित्रांचे गट आणि पार्ट्या जास्त असतात, पण ओळख मुरायला वेळच मिळत नाही. सात रात्री मला बऱ्या वाटतात. भूमध्य समुद्रात एमएससी किंवा कोस्टा या कंपन्यांच्या जहाजाने जात असशील तर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेव. तिथे एकाच सफरीत बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ अशा निरनिराळ्या बंदरांवर प्रवासी चढतात आणि उतरतात. तुझा पहिला दिवस हा दुसऱ्या कोणाचा चौथा असतो. ओळख झाली की लगेच विचार, “तुम्ही कुठे उतरणार?” माझ्या तिसऱ्या सफरीत एक छान मैत्रीण झाली आणि दुसऱ्याच सकाळी ती उतरून गेली.

आता आई-बाबा. तुझ्या प्रश्नात खरी काळजी मला इथेच दिसली, की मी मित्रांत रमले तर त्यांना वाईट वाटेल. निघायच्या आधी मोकळेपणाने बोल. आमच्या घरी असं ठरलं होतं: रात्रीचं जेवण रोज एकत्र, बंदराचे दिवस घरच्यांचे, समुद्रातले दिवस आणि रात्री माझ्या. आईला खरंच एवढंच हवं होतं, की जेवताना मी फोन बाजूला ठेवून दिवसभरात काय झालं ते सांगावं. जेवणाच्या ठरलेल्या दोन वेळा असतील तर आधीची घ्यायला सांग, म्हणजे पुढची संध्याकाळ तुला मोकळी मिळते. आई-बाबांना चालत असेल तर मोठ्या टेबलावर दुसऱ्या कुटुंबाबरोबर जागा मागता येते. बुकिंग करतानाच सांगावं, ‘तरुण मुलं असलेलं कुटुंब असेल तर बरं’. दर वेळी जमतंच असं नाही, पण विचारायला काय जातं?

बंदराचा दिवस घरच्यांबरोबर घालवण्यामागे आणखी एक कारण आहे. आपण आपले हिंडायला गेलो आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. शिवाय जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ कधीकधी वेगळी असते. चार नव्या मित्रांच्या नादात एकाचंही घड्याळाकडे लक्ष नाही, असं सहज होतं. गेलीसच तर परतीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी माघारी फीर.

सुरक्षिततेबद्दल मोठ्या बहिणीसारखं सांगते. जहाजावर सगळं इतकं घरगुती वाटतं, की आपण बाहेर अनोळखी लोकांत आहोत हे विसरायला होतं. खोली नंबर मोठ्याने सांगू नकोस. नव्या ओळखीत कोणाच्या केबिनमध्ये जायचं नाही आणि आपल्यात बोलवायचं नाही. बसायला सार्वजनिक जागा भरपूर असतात. पेला आपल्या हातात. कुठे आहेस आणि किती वाजता येणार, हे घरातल्या एकाला माहीत हवं. काही खटकलं तर स्वागतकक्षात जा, तिथे रात्रीही कोणीतरी असतं. एक आणखी: वेटर, नाचणारे, कार्यक्रम घेणारे कर्मचारी वयाने तुझ्या जवळचे आणि फार गोड वागणारे असतील. त्यांच्याशी हसून बोल, पण कामाबाहेर भेटण्याचा आग्रह करू नकोस. पाहुण्यांशी जवळीक केली तर त्यांची नोकरी जाऊ शकते, आणि त्या नोकरीवर बहुतेकांचं घर चालतं.

भावाबरोबर किंवा आई-बाबांबरोबर एकाच केबिनमध्ये असशील तर रात्रीचे कपडे आधीच बाथरूममध्ये लटकवून ठेव आणि छोटी टॉर्च ने. रात्री एक वाजता बॅग उचकून बाकीच्यांना जागं केलं, की दुसऱ्या दिवशीची सूट धोक्यात येते.

शेवटच्या रात्रीचं आत्ताच सांगून ठेवते. त्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, म्हणून सगळे जेवणानंतर सामान भरण्यात अडकतात; सकाळी प्रत्येकाची उतरायची वेळ वेगळी, जिन्यांपाशी गर्दी, आणि ज्याला भेटायचं ते सापडत नाही. पहिल्या खेपेला त्या ट्रिव्हियाच्या आजींचा निरोप घ्यायचा असाच राहून गेला. दुसऱ्या खेपेला मी दुपारीच बॅग भरली. रात्री आम्ही सहाही जण पहिल्या दिवशीच्याच जागी जमलो, एका कागदावर सगळ्यांची नावं-नंबर लिहून घेतले आणि प्रत्येकाने त्याचा फोटो काढला. तो कागद माझ्याकडे आहे.