खोक्यातून काढलं, जोडलं, आता चालेना: कोरीवकामाच्या मशीनबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात घरच्या छोट्या सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कोरणाऱ्या मशीनवर, चार ओळी लिहिल्या काय आणि प्रश्नांचा ढीगच लागला. बहुतेकांकडे तेच ३०१८ आहे, म्हणजे ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत काम करणारं, ऑनलाइन मागवलेलं, खोक्यात ॲल्युमिनियमचे बार, स्क्रूच्या पुड्या आणि सोबतचं पुस्तक असं की चित्रं बघून अंदाजच बांधायचा. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. एक विनंती आधीच करून ठेवतो, पहिले दोन दिवस लाकूड लावूच नका. बिटऐवजी (बिट म्हणजे कोरणारं पातं) स्पिंडलला, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरला, बाहेरून रबरबँडने एक स्केचपेन बांधा, खाली कागद चिकटवा, स्पिंडल बंदच ठेवा आणि ५० मिमीचा चौकोन काढायला लावा. खालच्यातल्या निम्म्या तक्रारी त्या कागदावरच दिसल्या असत्या आणि सागवानाच्या फळ्या वाचल्या असत्या.

प्रश्न: बोर्डवरचा लाइट लागतो, कॅन्डल सॉफ्टवेअरमध्ये कनेक्ट पण होतं, बाण दाबला की स्क्रीनवरचे आकडे पळतात पण मशीन ढिम्म हलत नाही. विकणारा म्हणतो बोर्ड गेलाय, नवीन घ्या. घेऊ का?
— निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, अजिबात घेऊ नका इतक्यात. लाइट लागला म्हणजे वीज आली असं वाटतं, पण तो लाइट यूएसबीतून येणाऱ्या ५ व्होल्टवर लागतो, तेवढ्यात बोर्ड जागा होतो आणि लॅपटॉपशी बोलायला पण लागतो. मोटरी मात्र २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. तेव्हा अडॅप्टरची पिन नीट आत गेलीय का, बोर्डवर छोटा स्विच आहे तो ऑन आहे का आणि लाल इमर्जन्सी बटण असेल तर ते दाबलेलं तर नाही ना (गोल फिरवून सोडवावं लागतं) हे तीन बघा. आणि आकडे पळतात म्हणून फसू नका, मोटर खरंच फिरली का हे बोर्डला कळायची सोयच या मशीनमध्ये नाही, तो आपला सिग्नल पाठवतो आणि पोचलो असं धरून आकडा पुढे ढकलतो.

एवढं करून एखादी मोटर नुसतीच गुणगुणत थरथरत असेल तर तिच्या चार वायरींपैकी एक ढिली आहे. पण वायर काढायच्या आधी अडॅप्टर बंद करायचाच, चालू करंटवर मोटरची पिन उपटली की ड्रायव्हर चिप (बोर्डवरची, मोटर फिरवणारी) जळते आणि मग विकणाऱ्याचं म्हणणं खरं होतं! मोटर फिरतेय पण टेबल सरकत नाही असं असेल तर कपलर बघा, म्हणजे मोटरचा दांडा आणि लांब स्क्रू यांना जोडणारी ती चांदीच्या रंगाची नळी. दांडा, नळी आणि स्क्रू तिन्हीवरून मार्करने एक सरळ रेघ मारा आणि दहा-पंधरा वेळा मागेपुढे चालवा. रेघ तुटली की कळलंच कुठे सटकतंय ते, एलन कीने तिथला बारका स्क्रू आवळायचा, झालं.

(ज्यांचं कनेक्टच होत नाही त्यांच्यासाठी: नुसत्या चार्जिंगची केबल नको, डेटावाली हवी, लॅपटॉपवर सीएच३४० चा (बोर्डवरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर टाका आणि बॉड रेट, म्हणजे बोलण्याचा वेग, ११५२००.)

प्रश्न: दादा, १०० मिमी सांगितलं की ३१ मिमीच जातं. आणि अक्षरं आरशात बघितल्यासारखी उलटी येतात. मित्राने बोर्डवर नवीन जीआरबीएल टाकून दिलं होतं, त्यानंतर चालू झालंय.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

मित्रा, उत्तर तुझ्या प्रश्नातच आहे. मूळ जीआरबीएल, म्हणजे बोर्डच्या आत बसून मशीन चालवणारा प्रोग्रॅम, कोणत्या मशीनवर बसणार हे त्याला माहीत नसतं, ते १ मिमीसाठी २५० पावलं असं धरून चालतं. तुझ्या मशीनचा हिशोब कर: मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो, झाले ३२००, आणि एका फेऱ्यात स्क्रू ४ मिमी सरकवतो, म्हणजे मिलिमीटरला ८००. तू देतोयस २५०, मग १०० चे ३१.२५ होणारच. कन्सोलमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या कमांड लिहायच्या चौकटीत) $$ टाकून सगळी सेटिंग्ज आधी कागदावर उतरवून घे, मग $१००, $१०१ आणि $१०२ (एक्स, वाय आणि झेड या तीन दिशांची मिलिमीटरची पावलं) या तिन्हींना ८०० दे. (टाईप करताना आकडे इंग्रजीच टाक, देवनागरी मशीनला कळत नाही, हे सांगायचं कारण गेल्या महिन्यात एकाने खरंच तसं केलं.) उलट्या अक्षरांसाठी $३, त्यात ० ते ७ आकडे असतात, कुठल्या आकड्याला कुठली दिशा उलटते ते पेन लावून बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि एक सांगतो, हे झाल्यावर पट्टी लावून ९९.६ आलं म्हणून ८०३.२ वगैरे घालत बसू नकोस. स्क्रूचे आटे कंपनीतून आलेत, ते तुझ्या शाळेच्या पट्टीपेक्षा जास्त भरवशाचे आहेत. तरी फरक येत असेल तर कुठेतरी काहीतरी ढिलं आहे, ते शोध. पंचवीसपट मोठं किंवा लहान येत असेल तर तो इंच-मिलिमीटरचा घोळ, फाईलच्या सुरुवातीला जी२० (इंच) आहे का बघ, जी२१ (मिलिमीटर) हवं.

प्रश्न: आमचा सुतारकीचा पिढीजात धंदा, हौसेने मशीन घेतलं. पण एकाच पाटीवर डावीकडे खोल कोरतं आणि उजवीकडे नुसतं खरवडतं. पटाशीने मी याहून चांगलं करतो.
— सावंतवाडी

भाऊ, तुम्ही पटाशीने चांगलं करणारच, कारण फळी वाकडी असली तर तुमच्या हाताला ते कळतं. मशीनला कळत नाही. तुम्ही एका कोपऱ्यात झेडचा, म्हणजे उंचीचा, शून्य दिला की ते अख्खी फळी त्याच पातळीत आहे असं समजून कोरत सुटतं. आणि व्ही-बिटला (खाली निमुळतं होत गेलेल्या टोकदार बिटला) हा फरक फार झोंबतो, ६० अंशाच्या बिटने अर्धा मिमी जास्त खोल गेलं की रेघ जवळपास ०.६ मिमीने रुंद होते. बारीक अक्षरात तेवढ्याने म चा भ वाटायला लागतो.

आता तपासायचं कसं तर स्पिंडल बंद ठेवून बिट हळूहळू खाली आणा, खाली साधा वहीचा कागद ठेवा आणि कागद ओढताना जेमतेम अडकायला लागला की तो शून्य. मग बिट वर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात न्या, तिथे परत कागद अडकेपर्यंत खाली आणा आणि झेडचा आकडा लिहून घ्या, असं चार कोपरे आणि मध्य. आधी नुसत्या टेबलवर करा, मग फळी ठेवून. टेबलवरच फरक आला तर वर एमडीएफचा तुकडा पक्का बसवा आणि मशीनलाच सपाट बिट लावून तो अर्धा मिमी घासून काढा, म्हणजे मशीनने स्वतःच्या चालीप्रमाणे स्वतःचा टेबल रंधला असं समजा. टेबल बरोबर आणि फळीवर फरक आला तर दोष फळीचा. कोकणात पावसाळ्यात एमडीएफ फुगतो आणि सागवानाची पातळ फळी वाटीसारखी होते हे तुम्हाला मी काय सांगणार! क्लॅम्पने दाबून ती सपाट दिसते पण मध्ये पोकळ राहते. मी तर पातळ फळीला क्लॅम्प लावतच नाही, फळीच्या पाठीला मास्किंग टेप, टेबलला मास्किंग टेप, दोन टेपांच्या मध्ये फेविक्विक. काम झालं की टेप सोलायची.

आणखी एक शक्यता, तीही स्वानुभवाची. सुरुवात ठीक आणि मग खोली वाढतच जाते असं असेल तर बिट कोलेटमधून (बिट घट्ट धरणाऱ्या चिरा असलेल्या नळीतून) घसरतंय. कोलेट आधी नटमध्ये टक् आवाज होईपर्यंत दाबून बसवायचं आणि मग नट चढवायचा, मी ते उलट करायचो, आधी कोलेट स्पिंडलमध्ये आणि वरून नट. अडीच तासांच्या गणपतीच्या कामात शेवटच्या वीस मिनिटांत सोंडेतून आरपार भोक. आवाज आधीच बदलला होता, मी फोनवर होतो.

प्रश्न: दारावरच्या मराठी पाट्या करायचा विचार आहे, पण प्रत्येक अक्षराभोवती वेगळी रेघ येते, शिरोरेषेत मध्येच कापल्याच्या खुणा राहतात. जोडाक्षरं पण फुटतात. इंग्रजी व्यवस्थित येतं.
— पुण्याहून एक वाचक

ताई, हा प्रश्न आवडला कारण याचं उत्तर मशीनच्या पुस्तकात कधीच नसतं. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेषेने एकमेकांवर चढलेली असतात. स्क्रीनवर काळ्यावर काळं म्हणून दिसत नाही पण मशीनला प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते आणि ते इमानदारीत ती कोरतं. इंकस्केप घ्या, फुकट आहे. त्यात युनिकोडमध्ये टाईप करा, ऑब्जेक्ट टू पाथ करा, अनग्रुप करा आणि मग सगळं सिलेक्ट करून युनियन. आता व्ह्यूमध्ये जाऊन नुसती आउटलाइन बघा, शिरोरेषा सलग दिसली पाहिजे. ही फाईल एसव्हीजी म्हणून मशीनच्या प्रोग्रॅममध्ये घ्यायची. थेट त्या प्रोग्रॅममध्ये मराठी टाईप करायला जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी जोडाक्षरं सुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन लागते, आणि गिऱ्हाईक स्वतःच्या आडनावाची वेलांटी पहिल्यांदा बघतं.

फॉन्ट जाड घ्या, मुंबईच्या एक टाईपचे मुक्ता आणि बालू चांगले चालतात. ३.१७५ मिमीचं सरळ बिट असेल तर त्याहून अरुंद जागेत ते शिरतच नाही, मग व आणि ब ची पोटं भरलेलीच राहतात. उठावाची अक्षरं करणार असाल तर अनुस्वार सांभाळा. एवढासा ठिपका लाकडाच्या रेषेवर एकटा उभा असतो, बिटचा धक्का बसला की उडून जातो. मी तो मोठा करतो आणि शेवटी फेविकॉलची बाटली जवळ ठेवतो.

प्रश्न: निम्मं काम झालं की कनेक्शन तुटतं. तीन फळ्या वाया गेल्या.
— चिपळूण

आधी लॅपटॉपचं स्लीप बंद करा, हे कारण असलं की फार चिडचिड होते म्हणून आधी सांगतोय. मग तीच फाईल बिट काढून, हवेत, स्पिंडल बंद ठेवून पूर्ण चालवा. पार पडली तर आता स्पिंडल चालू करून हवेतच परत. दुसऱ्या वेळी तुटलं तर स्पिंडलच्या मोटरचा विजेचा गोंगाट यूएसबीत शिरतोय. केबल आखूड आणि फेराइटच्या गोळ्याची (टोकाजवळ जाड गाठ असते ती, गोंगाट अडवते) घ्या, स्पिंडलच्या वायरीपासून लांबून न्या. आणि प्लग तीन पिनचा असला तरी भिंतीतल्या बोर्डमध्ये अर्थिंगची वायर खरंच जोडलीय का ते वायरमनकडून बघून घ्या, बऱ्याच जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. व्हॅक्यूम क्लीनर त्याच एक्स्टेंशनवर नको.

लेझर काढून परत स्पिंडल लावलेल्यांसाठी जाता जाता: रिकामं सरकताना स्पिंडल थांबतोय ना? लेझर मोड चालूच राहिलाय, $३२ ला ० करा.

प्रश्न: काम चार तासांचं असतं. रात्री लावून झोपलं तर चालेल का?
— ठाणे

नाही चालणार. बोथट बिट (सागवानात सिलिका असते, त्याने धार लवकर जाते) एका जागी घासत राहिलं की भुसा तापतो, आणि तापलेला भुसा धुमसायला लागतो तेव्हा तुम्ही झोपलेले असाल. शेजारी आवाजाने उठले तर त्यांचे उपकारच. जवळ बसा, एन९५ मास्क लावून बसा, सागवानाचा बारीक भुसा बऱ्याच जणांना बाधतो. आणि पॉज दाबून चहा करायला पण जाऊ नका, कारण पॉजने टेबल थांबतो, बिट तिथल्या तिथे फिरतच राहतं. माझ्या देवघराच्या चौकटीवर तसा एक काळा ठिपका आहे, बायको आलेल्या प्रत्येकाला दाखवते.