वाचक विचारतात : मिनिटात चार्ज होणारी स्कूटर

प्रश्न : इलेक्ट्रिक स्कूटर बघायला गेलो, तर विक्रेता सारखा ‘नॅनो बॅटरी, नॅनो बॅटरी’ करत होता. मुलगी म्हणते, सुपरकपॅसिटर मिनिटात चार्ज होतो. मग तोच का बसवत नाहीत? आणि हे नॅनो म्हणजे नक्की काय?
– एक वाचक, धायरी

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. सुपरकपॅसिटर म्हणजे रासायनिक बदलाविना, पृष्ठभागावरच विद्युतभार साठवणारा भाग. तापकीर गल्लीतून आणलेला १०० फॅरड (भार साठवण्याच्या क्षमतेचं माप), २.७ व्होल्टचा असा एक माझ्या टेबलावर आहे. अंगठ्याहून जरा जाड, वजन २० ग्रॅमच्या आसपास. पण पूर्ण भरला तरी त्यात मावते ०.१ वॉट-तास ऊर्जा; साधारण तेवढ्याच लिथियम सेलमध्ये नऊ-दहा. स्कूटरला ३ किलोवॉट-तास धरले, तर असे ३०,००० नग लागतील. ६०० किलो घेऊन कात्रजचा घाट चढणार? शिवाय एवढं मिनिटात भरायला १८० किलोवॉट हवेत. तुमचा १५ अँपिअरचा प्लग साडेतीन किलोवॉटच्या आतच दमतो.

आता नॅनो. तसलाच एक सुपरकपॅसिटर मी ब्लेडने फोडला (तुम्ही फोडू नका, आतलं द्रावण विषारी असतं). अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलची गुंडाळी, तिच्यावर तव्याच्या काजळीसारखा काळा थर. बोटांचा काळेपणा दोन दिवस गेला नाही. तो सच्छिद्र कार्बन, पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा. छिद्रं एक-दोन नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), त्यामुळे एका ग्रॅमचा पृष्ठभाग भरतो १,००० ते २,००० चौरस मीटर, म्हणजे दहा ते वीस गुंठे! धायरीतला गुंठ्याचा भाव तुम्हाला मी काय सांगणार. विद्युतभार या पृष्ठभागावर नुसता चिकटतो आणि सुटतो, म्हणून भरणं झटपट आणि आयुष्य लाखो चक्रांचं (एकदा भरून रिकामं होणं म्हणजे एक चक्र).

बॅटरीत मात्र लिथियमला कणाच्या आत मुरावं लागतं, कैरीच्या फोडीत मीठ मुरतं तसं. कण दहापट बारीक केला, तर मुरायचा वेळ शंभरपट कमी होतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) या बॅटरीच्या रसायनातून वीज मुळातच कमी वाहते, म्हणून त्याचे कण बारीक करून वर कार्बनचा लेप देतात. पण फार बारीक कुटलं की पृष्ठभाग वाढतो, द्रावणाशी नको त्या प्रक्रिया होतात, त्यात लिथियम खर्ची पडतं. आणि पूड फुगीर झाल्याने डब्यात माल कमी मावतो.

तेव्हा नॅनो सोडा. सेल एलएफपी की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचा), क्षमता ८० टक्क्यांवर यायला किती चक्रं, वॉरंटी किती वर्षं, एवढं विचारा. तरीही नॅनोचाच धोशा लावला, तर म्हणावं, बिलावर लिहून द्या.