आत्याआजींचं घर आणि नोटिशीतली गाळलेली ओळ

इंदूरच्या रामबागेतून एका वाचकाचं पत्र आलं आहे. अशी पत्रं मला नेहमी येतात. नावं बदलतात, हकिगत तीच. पणजोबांनी होळकर संस्थानाच्या काळात मृत्युपत्र केलं. घर लग्न न केलेल्या मुलीनं हयातीत वापरावं आणि तिच्या पश्चात ते नातवांना जावं, असं त्यात लिहिलं. त्यानंतर लवकरच पणजोबा गेले. ही मुलगी म्हणजे वाचकाची आत्याआजी. ती शाळेत शिक्षिका झाली, त्याच घरात राहिली आणि १९८३ साली तिथंच वारली. जाण्यापूर्वी तिनं स्वतःचं मृत्युपत्र नोंदवून घर या वाचकाच्या वडिलांना दिलं. आता पुण्याच्या चुलत भावाची नोटीस आली आहे: ती फक्त तहहयात वहिवाटदार होती, तिला मृत्युपत्र करायचा अधिकारच नव्हता, निम्मं घर आमचं. वाचक विचारतात, रजिस्ट्रीच्या आणि कोर्टाच्या कागदांतून आत्याआजींचं सगळं आयुष्य कसं शोधून काढू, म्हणजे खरं काय ते सिद्ध होईल?

सगळं आयुष्य शोधायला तुम्हाला वेळ नाही. नोटीस येऊन पाच महिने झाले आणि एवढ्या काळात तुम्ही वंशावळ काढलीत, नातेवाइकांना फोन केलेत, पण वकिलाकडे गेला नाहीत. तेव्हा आधी ज्या एका ओळीवर हे घर राहणार किंवा जाणार आहे, ती बघू.

तुम्ही नोटिशीची प्रत पाठवलीत ते बरं केलंत. पणजोबांचं वाक्य तिच्यात असं उतरवलं आहे: ‘माझी कन्या हिने हयात असेतोपर्यंत ... सदरहू घरी राहावे व तिचे पश्चात घर माझे नातवांनी घ्यावे.’ मधली टिंबं समोरच्या वकिलांची आहेत. तुमच्या आजोबांनी मोडीवरून उतरवून ठेवलेल्या देवनागरी प्रतीत त्या टिंबांच्या जागी हे शब्द आहेत: ‘तिचे अन्नवस्त्राचे सोयीकरिता पुढील दोन खोल्यांचे भाडे घेऊन’. ही ओळ तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिलीत. खटल्याच्या दृष्टीनं तुमच्या चार पानांत तिच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

कारण असं. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. त्याचं कलम १४(१) सांगतं की हिंदू स्त्रीच्या ताब्यात असलेली मालमत्ता, मग ती त्या तारखेआधी मिळालेली असो की नंतर, तिच्या पूर्ण मालकीची होते. अन्नवस्त्रापोटी मिळालेली मालमत्ताही त्यात येते, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. पण लगेच १४(२) येतं: दान, मृत्युपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा यांनी मुळातच मर्यादित हक्क दिला असेल, तर तो मर्यादितच राहतो. तुमचा चुलत भाऊ १४(२) वर उभा आहे. तुम्हाला १४(१) वर उभं राहायचं आहे. या दोन्हींमधली भिंत म्हणजे ती गाळलेली ओळ.

व्ही. तुळसम्मा विरुद्ध शेष रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली ठरवलं की स्त्रीला आधीपासूनच पोटगीचा, म्हणजे अन्नवस्त्राचा, हक्क असेल आणि त्यापोटी मालमत्ता मिळाली असेल, तर कागदात ‘हयातीपुरती’ लिहिलं असलं तरी ती पूर्ण मालक होते. तो खटला विधवेचा होता आणि मालमत्ता तडजोडीत मिळालेली होती. तुमच्याकडे आहे अविवाहित मुलगी आणि बापाचं मृत्युपत्र. अविवाहित मुलीला बापाच्या मालमत्तेतून अन्नवस्त्र मिळण्याचा हक्क जुन्या हिंदू कायद्यातही होता, म्हणून युक्तिवादाला जागा आहे आणि ती चांगली आहे. मात्र जिंकलोच असं समजू नका. साधू सिंग (२००६) आणि जोगी राम (२०२२) या निकालांत नवऱ्याच्या मृत्युपत्रानं बायकोला दिलेला हयातीचा हक्क १४(२) खाली मर्यादितच मानला गेला. घर पणजोबांनी स्वतः कमावलेलं की वाडवडिलार्जित, यानंही फरक पडेल. तुमच्या पत्रात त्याबद्दल अक्षर नाही.

या दोन कलमांच्या ओढाताणीवर उलटसुलट निकाल इतके साचले की डिसेंबर २०२४ मध्ये तेज भानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. कायदा १९५६ चा आणि बाईला मिळालेलं घर तिचं की नाही, हा प्रश्न अजून मोठ्या पीठाकडे जातो. ज्या बायकांसाठी कलम लिहिलं त्यातल्या कितीतरी निकालाची वाट बघत गेल्या. याचा मला राग येतो आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

आता शोधाकडे येऊ. आत्याआजींच्या आयुष्यातला एकच तुकडा तुम्हाला हवा आहे: वडील वारले तेव्हा त्या कमावत्या होत्या की वडिलांवर अवलंबून? पगार चालू असेल तर समोरचे म्हणतील की अन्नवस्त्राचा प्रश्नच नव्हता, बापानं प्रेमानं राहायला जागा दिली एवढंच. नोकरी नंतर लागली असेल तर ‘अन्नवस्त्राचे सोयीकरिता’ या शब्दांना बळ येतं. म्हणून पहिला कागद सर्विस बुकाचा, त्यातली रुजू झाल्याची तारीख. शिक्षण विभागाकडे ते उरलं नसेल तर पेन्शनचे कागद, शाळेचं जुनं हजेरीपत्रक, जे हाती लागेल ते. त्या तारखेसमोर पणजोबांच्या मृत्यूची तारीख ठेवा. तुमची आत्याआजी कोर्टाला समजणार ती या दोन तारखांमधून.

दुसरा कागद म्हणजे मृत्युपत्राची नकल. आजोबांची वही पुरावा म्हणून पुरणार नाही. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे मृत्युपत्रांच्या वहीतली, म्हणजे वही क्रमांक ३ मधली नकल, मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत फक्त त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो वारल्यावर अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळते. ‘आम्ही थेट वारस नाही, देतील का’ ही तुमची शंका म्हणून गैरलागू आहे. फक्त या वहीतला शोध तुम्हाला स्वतः घेता येत नाही, तो नोंदणी अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो. म्हणून अर्जात जितकं नेमकं लिहाल तितकं बरं. या वहीच्या नावांच्या यादीत, म्हणजे सूची क्रमांक ३ मध्ये, मृत्युपत्र करणाऱ्याबरोबर ते अमलात आणायला नेमलेल्या व्यवस्थापकाचंही नाव असतं आणि मृत्यूनंतर त्याखाली हक्क सांगणाऱ्यांचंही. एका नावानं सापडलं नाही तर दुसऱ्या नावानं शोधायला सांगा. पणजोबांचं मृत्युपत्र संस्थानी अमलातलं असल्यामुळे ते कोणत्या दप्तरात निघेल हे मी इथून सांगू शकत नाही. जिल्हा पंजीयकाकडे, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज द्या, नाही मिळालं तर ‘आढळत नाही’ असं लेखी घ्या. नकल मिळणार नसेल, तर मूळ कागदाऐवजी दुय्यम पुरावा, म्हणजे उतरवलेली प्रत वगैरे, देऊ द्या म्हणून कोर्टापुढे जाताना त्या कागदाचा उपयोग होतो.

आत्याआजींचं नाव शोधताना जपून. लग्न झालेली बाई कागदात नवऱ्याच्या नावानं सापडते. आत्याआजी कुठे वडिलांच्या नावानं असतील, कुठे नुसत्या ‘बाई’ लावून, शाळेच्या कागदांत कदाचित घरच्या नावानं. आणि तुमच्या शपथपत्रात त्या ‘बेवा’ आहेत.

हो, तुमच्याच. वडील गेल्यावर नगर निगममध्ये नामांतरणासाठी, म्हणजे घर तुमच्या नावावर चढवायला, तुम्ही जे शपथपत्र दिलंत, त्याची फोटोकॉपी मी दोनदा वाचली. टंकलेखकाच्या ठरीव मजकुरात बाईच्या नावापुढे पत्नी किंवा बेवा एवढीच सोय असणार, त्यानं बेवा ठोकून दिलं. खालच्या ओळीत ‘उक्त मकान पर आजीवन काबिज रहीं’. त्याखाली तुमची सही. जिनं उभ्या आयुष्यात लग्न केलं नाही, स्वतःच्या पगारातून तीस वर्षं घरपट्टी भरली, तिला तुम्ही न वाचता विधवा केलंत आणि तिचा हक्कही हयातीपुरता करून टाकलात. पाच मिनिटं वाचायला काय हरकत होती?

परिणाम ऐका. ‘आजीवन काबिज’ ही तुमच्याविरुद्धची कबुली म्हणून दाखवली जाईल. कबुली म्हणजे अंतिम पुरावा नव्हे आणि कलम १४ चा अर्थ तुमच्या सहीनं बदलत नाही, त्यामुळे यातून वाट निघेल. ‘बेवा’ जास्त घातक आहे. स्त्री मृत्युपत्राविना गेली तर कलम १५ प्रमाणे मुलंबाळं आणि नवरा नसल्यास आधी नवऱ्याचे वारस येतात, आईवडील त्यानंतर. म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या नवऱ्याच्या वारसांसाठी तुम्ही दार किलकिलं करून ठेवलंत. दुरुस्तीचं शपथपत्र ताबडतोब द्या आणि ते वकिलाकडून लिहून घ्या.

त्या नामांतरणाला फार धरूनही बसू नका. नामांतरणानं मालकी मिळत नाही, मृत्युपत्रावरून वाद असेल तर दिवाणी न्यायालयातच जावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य यात पुन्हा सांगितलं आहे. कुणीतरी सुचवलेलं उत्तराधिकार प्रमाणपत्रही विसरा. ते येणी, ठेवी, रोखे यांच्यासाठी असतं, घरासाठी नाही.

तुमच्या पत्रातली एक कल्पना मात्र मला घाबरवून गेली: ‘पणजोबांचं मृत्युपत्रच खोटं आहे असं म्हटलं तर?’ तर तुम्ही बसला आहात तीच फांदी तोडाल. ते मृत्युपत्र नसेल तर १९५६ पूर्वी वारलेल्या बापाचं घर मुलग्याकडे गेलं असं समोरचे म्हणतील. मग आत्याआजींच्या हाती उरतो तो राहण्याचा आणि अन्नवस्त्राचा हक्क, आणि हे घर त्यापोटीच त्यांच्याकडे दिलं होतं हे तुम्हाला कागदाविना सिद्ध करावं लागेल. जो कागद समोरचा पुढे करतोय त्याच्यातच तुमची ओळ आहे. तो कागद पूर्ण मागा, खोटा म्हणू नका.

आत्याआजींचं मृत्युपत्र सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. चाळीस वर्षांपूर्वीचं आहे म्हणून आपोआप खरं मानतील, हा गैरसमज घरोघरी आहे. तीस वर्षांहून जुन्या कागदाबद्दलचं गृहीतक मृत्युपत्राला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ आणि २०२३ साली स्पष्ट केलं आहे. नोंदणी झाली म्हणजेही सिद्ध झालं असं नाही. दोन्ही साक्षीदार वारले असतील तर निदान एकाचं हस्ताक्षर आणि आत्याआजींची सही ओळखणारं कुणी किंवा तुलनेसाठी कागद लागतील. तुम्ही लिहिता की एक साक्षीदार त्यांच्या शाळेतल्या सहकारी होत्या. त्यांच्या घरच्यांना आजच भेटा, बँकेचं पासबुक, पत्रं, सही असलेलं जे काही असेल त्याची विचारपूस करा. जुन्या घरांची साफसफाई दिवाळीला होते आणि असे कागद रद्दीत जातात.

ते मृत्युपत्र टिकलं नाही, पण आत्याआजी पूर्ण मालक ठरल्या, तर घर त्यांच्या वडिलांच्या वारसांकडे जाईल. म्हणजे तुम्ही, पुण्याचे, आणि देवासला दिलेल्या धाकट्या आत्याआजींची मुलंसुद्धा. त्यांचा उल्लेख तुमच्या वंशावळीत पेन्सिलनं आहे. मुलींच्या शाखा अशाच पुसट लिहायची आपल्याकडे सवय आहे. तो शाईनं करा, दाव्यात त्या आवश्यक पक्षकार ठरू शकतात.

मुदतीबद्दल मी हात राखून बोलेन. तहहयात हक्क संपल्यावर पुढच्या हक्कदाराला ताब्यासाठी बारा वर्षांची मुदत असते, आणि १९८३ पासून ती केव्हाच उलटली, हे तुमच्या वकिलांनी जबाबात जरूर घ्यावं. पण समोरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे तुमचे वडीलही त्या नातवांपैकीच एक. सहमालकाचा नुसता ताबा दुसऱ्याविरुद्ध प्रतिकूल होत नाही, म्हणजे तेवढ्यानं दुसऱ्या सहमालकाचा हक्क बुडत नाही. त्यावर सगळी इमारत उभी करू नका.

आता लगेच करायचं ते. नोटिशीला या आठवड्यात उत्तर जाऊ द्या. उत्तर छोटं असावं: मृत्युपत्रातलं वाक्य अपुरं उतरवलं आहे, पूर्ण मजकूर आणि तुमच्याकडची प्रत दाखवा, बाकी सगळं नाकारतो. ‘तहहयात’ हा शब्द तुमच्या बाजूनं कुठेही येऊ देऊ नका. मोडी मजकुराचं लिप्यंतर सारांश न करता शब्दाला शब्द करून घ्या, आणि ते अशा जाणकाराकडून की जो गरज पडल्यास कोर्टात उभा राहील. इथल्या कोर्टासाठी त्याचा हिंदी अनुवादही लागेल, त्यात ‘अन्नवस्त्र’चं ‘भरण-पोषण’ झालं आहे ना हे स्वतः तपासा. दाव्याचं समन्स आलं तर जबाबाला तीस दिवस मिळतात, नव्वदपर्यंत मुदत वाढू शकते. पुढे न्यायालयाच्या मर्जीवर. यावेळी पाच महिने कपाटात नाही.

आणि घर विकायचं म्हणून गिऱ्हाइकाकडून तुम्ही घेतलेला बयाना परत करा. दावा दाखल झाल्यावर घर विकलंत तर खरेदीदार निकालाला बांधलेला राहील, तो तुमच्यावर उलटेल, आणि पुण्याच्या नोटिशीबरोबर त्याचीही नोटीस तुमच्या दारात येईल.