रिपोर्ट नॉर्मल होता, पण कधीचा?

"मॅडम, थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आहे. म्हणजे हे सगळं माझ्या मनातच आहे का?" मी समुपदेशक आहे; बाळंतिणी हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. त्यातलीच एक आली तेव्हा बाळ 7 महिन्यांचं होतं. सारखं रडू यायचं, अंग जड, उन्हाळ्यातही थंडी, पोट साफ नाही, केस मुठीमुठीने जात होते. घरात 'आळशी झालीये' हे रोजचंच.

मी रिपोर्ट मागितला. तो गरोदरपणातला निघाला! बाळंतपणानंतर थायरॉईड तपासलंच नव्हतं.

बोलता बोलता ती म्हणाली, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात छातीत धडधडायचं, घाम फुटायचा, वजन भराभर उतरलं. जागरणाने होतंय म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मला मात्र हा क्रम महत्त्वाचा वाटला. बाळंतपणानंतर काहीजणींच्या थायरॉईड ग्रंथीला सूज येते. आधी साठलेलं हार्मोन रक्तात उतरतं, म्हणून धडधड. मग ग्रंथी थकते आणि साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात सुस्ती, उदासी, बद्धकोष्ठ सुरू होतं. या दोन टप्प्यांच्या मधोमध रक्त दिलं, तर आकडे नॉर्मलही येऊ शकतात.

निदान करणं माझं काम नाही. हा सगळा क्रम चिठ्ठीत लिहून तिला फिजिशियनकडे पाठवलं. केसांसाठी ती बायोटिनच्या (एक बी जीवनसत्त्व) गोळ्या घेत होती, तेही लिहिलं. बायोटिनमुळे काही लॅबमध्ये टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉईड मंदावलं की हे वाढतं) खोटा कमी दिसतो. गोळ्या किमान 2 दिवस आधी थांबवाव्या लागतात. तिच्या तपासणीत टीएसएच बराच वाढलेला, फ्री टी-4 (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) कमी, अँटी-टीपीओ (शरीर आपल्याच थायरॉईडविरुद्ध बनवतं त्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आला. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनची गोळी, सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांपासून 4 तास लांब. 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा टीएसएच.

समुपदेशन आम्ही थांबवलं नाही. महिनोन्‌महिने ऐकलेले टोमणे गोळीने पुसले जात नाहीत. नवऱ्यालाही बोलावून रिपोर्ट समोर ठेवला. त्यानंतर रात्रीची एक दूधबाटली त्याच्याकडे गेली.

प्रत्येक उदासी थायरॉईडचीच असते असं नाही, हे आवर्जून सांगते. जीव नकोसा वाटत असेल किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

साधारण वर्षभराने डॉक्टर तिची गोळी कमी करून बघतील. बहुतेकींची ग्रंथी पूर्ववत होते, काहींना गोळी कायम लागते. म्हणून दरवर्षी टीएसएच करायचा, आणि पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत हे डॉक्टरांना सांगायचं.