वाचकांचे प्रश्न : इंजिनात टायटेनियमचे बोल्ट

प्रश्न : मी माझ्या मोटारीचे इंजिन पूर्ण उघडले असून ते पुन्हा बांधतो आहे. वजन कमी व्हावे म्हणून सिलिंडर हेडसकट सगळे पोलादी बोल्ट बदलून टायटेनियमचे बसवावेत, असा विचार आहे. टायटेनियम पोलादापेक्षा मजबूत असल्यामुळे मापे जुळली की प्रश्न उरत नाही, हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही, आणि सिलिंडर हेडच्या बाबतीत तर हा विचार आपण सोडून द्यावा, अशी माझी विनंती आहे. टायटेनियम मजबूत ठरते ते वजनाच्या मानाने. बोल्टसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या टायटेनियमच्या मिश्रधातूत 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असते. त्याची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 4.43 ग्रॅम, तर पोलादाची सुमारे 7.85 ग्रॅम भरते. म्हणजे 1 किलो पोलादी बोल्टांच्या जागी त्याच मापाचे टायटेनियमचे बोल्ट साधारण 565 ग्रॅम होतील. ताणबळ, म्हणजे तुटण्याआधी धातू पेलू शकणारा ताण, मात्र नेहमीच्या अवस्थेत 900 ते 950 मेगापास्कलच्या आसपास असते आणि खास उष्णतासंस्कार केल्यावर ते 1100 पर्यंत जाते. पोलादी बोल्टांची ताकद 8.8, 10.9, 12.9 अशा श्रेणींत सांगतात; आकडा जितका मोठा, तितका बोल्ट मजबूत. 8.8 श्रेणीच्या पोलादी बोल्टाला हा धातू सहज मागे टाकतो, 10.9 च्या जवळपास राहतो आणि 12.9 ची बरोबरी करू शकत नाही. हेडचे बोल्ट सहसा 10.9 किंवा त्याहून वरच्या श्रेणीचे असतात.

ताकदीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो धातूचा ताठपणा. आवळलेला बोल्ट ही खरे तर ताणलेली स्प्रिंग असते. तो किंचित लांबतो, पूर्ववत होऊ पाहतो आणि त्या ओढीने हेड, ब्लॉक आणि त्यांच्यामधला सांधा बंद ठेवणारे गॅस्केट एकत्र धरून ठेवतो. टायटेनियमचा ताठपणा सुमारे 114 गिगापास्कल आहे, तर पोलादाचा 205 च्या घरात. त्यामुळे सारख्याच ताणाखाली टायटेनियमचा बोल्ट जवळजवळ पावणेदोनपट लांबतो. आता अनेक इंजिनांच्या दुरुस्ती-पुस्तिकेत हेडचे बोल्ट आधी ठरावीक टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) आवळून मग 90 अंश फिरवा, असे सांगितलेले असते. आट्यांचे अंतर दीड मिलिमीटर असेल, तर त्या पाव फेऱ्यात बोल्टाचे डोके 0.375 मिलिमीटर खाली सरकते. पोलादी बोल्ट तेवढ्यात हवा तसा ताणला जातो, पण टायटेनियमच्या बोल्टात तेवढ्याच फिरण्याने बराच कमी ताण निर्माण होतो. पुस्तिकेप्रमाणे सगळे बिनचूक केल्याचे समाधान आपल्याला मिळेल, पण गॅस्केटवर पुरेसा दाब नसेल आणि ज्वलनाच्या प्रत्येक धक्क्याला हेड ब्लॉकपासून सुटू पाहील. कनेक्टिंग रॉड, मेन बेअरिंग आणि फ्लायव्हील यांच्या बोल्टांनाही हेच लागू आहे, आणि तेथील चूक अख्ख्या इंजिनावर बेतते.

याचा अर्थ टायटेनियमला इंजिनात स्थानच नाही, असा नव्हे. 1990 साली आलेल्या होंडा एनएसएक्समध्ये कनेक्टिंग रॉडच टायटेनियमचे होते, पण तो रॉड त्या इंजिनासाठी हिशेब करून घडवलेला होता. आपण करू पाहता ती नुसती अदलाबदल आहे. टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, थ्रॉटल बॉडी, वायरिंगच्या पट्ट्या आणि हलके ब्रॅकेट अशा जागी, जेथे मूळ बोल्ट 8.8 किंवा त्याखालच्या श्रेणीचे आहेत, तेथे टायटेनियम निर्धास्त वापरावे. गंजाचा प्रश्न मिटतो, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा लाभ.

प्रश्न : विक्रेते नुसते ‘टायटेनियम’ असे लिहितात. चांगला बोल्ट ओळखावा कसा? निळे-जांभळे बोल्ट अधिक टिकाऊ असतात का?

उत्तर : सर्वप्रथम ग्रेड विचारावा. वर सांगितलेला मिश्रधातू म्हणजे ग्रेड 5. ग्रेड 2 हे जवळपास शुद्ध टायटेनियम असून ते गंजाला उत्तम तोंड देते, पण त्याचे ताणबळ 345 मेगापास्कलपासून सुरू होते, म्हणून भार पेलणाऱ्या जागी ते घेऊ नये. दुसरी चौकशी आट्यांची करावी. दाबून वळवलेले आटे कापून काढलेल्या आट्यांपेक्षा वारंवारच्या ताणाला अधिक काळ टिकतात. रंगाचा ताकदीशी संबंध नाही. तो पृष्ठभागावरील ऑक्साइडच्या थराची जाडी बदलून आणलेला असतो. चुंबक चिकटला तर तो बोल्ट टायटेनियमचा नाही हे नक्की, पण चिकटला नाही म्हणून तो टायटेनियमचाच, असेही म्हणता येत नाही, कारण स्टेनलेस स्टीलचे अनेक प्रकारही चुंबकाला चिकटत नाहीत. अशा वेळी वजनकाटा वापरावा.

प्रश्न : नवा टायटेनियमचा नट अर्ध्यावर जाऊन जाम झाला. आता पुढेही जात नाही, मागेही येत नाही. माझे काय चुकले?

उत्तर : आटे कोरडे राहिले असावेत. टायटेनियमवर टायटेनियम घासले गेले की पृष्ठभाग एकमेकांना अक्षरशः चिकटतात. माझ्या हातूनही हे घडले आहे. हाताने सहज फिरणारा नट दोन-तीन फेऱ्यांत जड झाला, मी पाना लावून थोडा जोर केला आणि तो तेथेच बसला. शेवटी कापून काढल्यावर पाहिले, तर आट्यांच्या कडा सोलून निघाल्या होत्या आणि धातूचे बारीक कण नटाच्या आत रुतून बसले होते. आपलाही नट आता कापूनच काढावा लागेल, आणि तो बोल्ट पुन्हा वापरू नये.

पुढच्या वेळी आटे आणि डोक्याखालचा भाग या दोन्ही ठिकाणी मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त वंगण लावावे आणि पाना धीम्या गतीने फिरवावा. वंगणामुळे घर्षण घटते, म्हणून कोरड्या पोलादी बोल्टाचा टॉर्क जसाच्या तसा न वापरता बोल्टाच्या निर्मात्याने त्या वंगणासाठी दिलेला आकडा घ्यावा. हेच वंगण ॲल्युमिनियमच्या भागातही उपयोगी पडते, कारण ओलावा शिरला की टायटेनियमच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजते. कॅडमियमचा मुलामा असलेले वॉशर मात्र टायटेनियमजवळ आणू नयेत, कारण कॅडमियममुळे टायटेनियम ठिसूळ होऊन तडकू शकते.

प्रश्न : एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड टायटेनियमचे चालतील का?

उत्तर : नाही. तापमान वाढते तशी ग्रेड 5 ची ताकद उतरत जाते आणि 400 अंश सेल्सिअसच्या पुढे त्यावर विसंबू नये. मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो. तेथे मूळ स्टड किंवा निकेलप्रधान मिश्रधातूचे, उष्णता सोसणारे स्टडच बसवावेत.