काचेच्या पेटीतला घाम

प्रश्न : सर, आमच्या गॅदरिंगमधल्या क्विझचे प्रश्न जिंकलेल्या टीमला आधीच मिळाले होते. तक्रार केली, तर मॅडम म्हणाल्या, "अमेरिकेत टीव्हीवरही असंच चालायचं, कॉलेजात शिकवणारेसुद्धा त्यात होते." हे खरं आहे का? आणि तिथे पकडलं कसं?
— एक विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : खरं आहे बेटा, पण मॅडमनी गोष्ट अर्ध्यावरच सोडली.

१९५६ साली एनबीसी या अमेरिकी टीव्ही वाहिनीवर 'ट्वेंटी-वन' नावाची क्विझ सुरू झाली. प्रायोजक एक टॉनिकवाले. स्पर्धक काचेच्या बंद पेटीत, कानाला हेडफोन. पेटीतली थंड हवा मुद्दाम बंद ठेवायचे. आपल्याकडे मे महिन्यात कूलर बंद पडला की माणूस कसा निथळतो, तसा तो टीव्हीवर निथळायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं, केवढा विचार करतोय! घाम पुसायचा नाही, रुमालाने नुसता टिपायचा, हेसुद्धा शिकवलेलं.

हर्बर्ट स्टेम्पेल हा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा विद्यार्थी निर्मात्यांनी आधीच दिलेल्या उत्तरांवर आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. त्याला सासऱ्याचा ढगळ सूट घालायला लावला, केस बारीक कापायला लावले. मग निर्मात्यांना नवा चेहरा हवा झाला. कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा चार्ल्स व्हॅन डोरेन. देखणा, वडील पुलित्झर हा मोठा अमेरिकी पुरस्कार मिळालेले कवी. ५ डिसेंबर १९५६ ला स्टेम्पेलला सांगितलं, आज हरायचं. प्रश्न होता, १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कुणाला? उत्तर 'मार्टी'. तो त्याचा आवडता सिनेमा, अनेकदा पाहिलेला. तरी त्याला चुकीचं नाव घ्यावं लागलं. फुकट मिळालेल्या उत्तरांपेक्षा मला हे जास्त लागतं. येत असलेलं उत्तर गिळायचं, तेही सगळ्या देशासमोर!

व्हॅन डोरेनने १,२९,००० डॉलर जिंकले, 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकला. स्टेम्पेलने हा बनाव बाहेर सांगितला, तर लोक म्हणाले, जळतो. मग इतर स्पर्धकही बोलू लागले. त्यातल्या जेम्स स्नॉडग्रास या चित्रकाराने १९५७ मध्येच, कार्यक्रमाच्या आधी, मिळालेली उत्तरं कागदावर लिहून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली होती. पाकीट फोडलं नाही. ते उघडलं १९५९ मध्ये, अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीपुढे. वर पोस्टाचा शिक्का, आत उत्तरं. आता बोला!

२ नोव्हेंबर १९५९ ला व्हॅन डोरेनने त्याच समितीपुढे कबुली दिली. कोलंबियातली नोकरी गेली, एनबीसीने दिलेली नोकरीही गेली. क्विझ आधी ठरवून खेळणं तेव्हा गुन्हाच नव्हता. ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, शपथेवर खोटं बोलल्याबद्दल त्याला दोषी धरलं, तुरुंगात मात्र जावं लागलं नाही. अशा ठरवलेल्या क्विझविरुद्ध कायदा झाला तो १९६० मध्ये.

आता माझं ऐक. पस्तीसेक वर्षांपूर्वी मीही एका कॉलेजात क्विझमास्तर होतो. आदल्या संध्याकाळी एक पदाधिकारी घरी आले. संत्र्यांची पेटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "सर, शेवटचा राउंड जरा रंगतदार होऊ द्या." कुणाला जिंकवायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मला ते कळलं होतं. मी पाच प्रश्न बदलले, त्या पोराला येतील असे. हरलेली मुलगी नंतर स्टेजमागे आली आणि एवढंच विचारलं, "सर, काल ठरलेला राउंड भूगोलाचा होता ना?"

मी म्हणालो, "नाही." संत्री तोवर घरी खाऊन झाली होती.