पहिल्या हाय-पॉवर रॉकेटसाठी एच मोटर घ्यावी की आय?

विद्यार्थी संघाच्या पहिल्या हाय-पॉवर रॉकेटसाठी एच वर्गाची मोटर घ्यावी की आय वर्गाची, असे आपण विचारले आहे. एच पुरेशी आहे. तिचा एकूण आवेग (सरासरी रेटा गुणिले जळण्याचा वेळ) 160 ते 320 न्यूटन-सेकंद असतो, आयचा 640 पर्यंत जातो, आणि ट्रायपोली या अमेरिकी रॉकेट संघटनेच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रात दोन्ही बसतात. मोटरचा सरासरी रेटा रॉकेटच्या वजनाच्या किमान पाचपट असेल आणि गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या (हवेचे बल जिथे लागते असे मानतात त्या बिंदूच्या) पुढे नळीच्या एक-दोन व्यासांइतका असेल, तर या वादात वेळ घालवू नये. तरीही प्रत्येक संघ मोटरवरूनच भांडतो आणि पॅराशूटचे काम सर्वांत उशिरा आलेल्याच्या गळ्यात मारतो.

आमच्या संघात ते माझ्या गळ्यात पडले. इजेक्शन चार्जसाठी, म्हणजे पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या छोट्या स्फोटासाठी लागणारी बंदुकीची दारू सूत्राने काढली आहे, तेव्हा जमिनीवरील चाचणी अनावश्यक आहे, असे आमच्या प्रमुखाचे मत होते. मी हट्टाने मोटरविना रॉकेट आडवे ठेवून दुरून चार्ज पेटवला. धूर निघाला तो उंचीमापक ठेवलेल्या कप्प्यातून; दाबाने तुटाव्यात अशा नायलॉनच्या तीन शिअर पिनांपैकी एकच तुटली आणि नोजकोन, म्हणजे रॉकेटचे टोक, तिरका होऊन जागीच अडकला. चार्ज पेटवणाऱ्या इग्नायटरच्या तारांसाठी बल्कहेडला, म्हणजे उंचीमापकाच्या कप्प्याच्या आडव्या तबकडीला पाडलेले भोक कोणी बुजवलेच नव्हते, त्यामुळे पुरेसा दाब तयार होण्याआधीच वायू तिथून निसटत होता. प्रमुखाचा उपाय होता, दारू वाढवा. तसे केले असते तर हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या त्या यंत्रावर आणखी गरम वायू आदळला असता. मी भोक एपॉक्सीने बुजवले आणि तेवढ्याच दारूत तिन्ही पिना तुटून पॅराशूट पूर्ण बाहेर आले. पुढे उड्डाण नीट झाले. त्याचे श्रेय प्रमुख आजही मोटरच्या निवडीला देतात.

म्हणून रंगकामाच्या आधी ही चाचणी करा आणि ‘सॉफ्टवेअरमध्ये सगळे बरोबर दिसते’ म्हणणाऱ्याला चाचणीच्या वेळी तेथे उभे करा. बाकी बांधणीत फिन, म्हणजे शेपटाचे पंख, नळीला चिरा पाडून आतल्या मोटर माउंटपर्यंत (मोटर बसते त्या नळीपर्यंत) न्याव्यात, एवढे पुरे.

अर्थात मोटर प्रमाणित आणि तयारच घ्यावी, व दारू अनुभवी माणसानेच हाताळावी. शिवाय पहिल्या उड्डाणात मोटरच्याच विलंबित (मोटर जळून संपल्यावर काही सेकंदांनी पेटणाऱ्या) चार्जने पॅराशूट काढणार असाल, तर तारांच्या भोकाचा प्रश्न येणारच नाही. मात्र तेव्हा विलंबाचे सेकंद नीट निवडावे लागतात आणि नोजकोन किती घट्ट बसतो हे हाताने ओढून पाहावेच लागते.